रोजचा ताण रोज सैल करायचा: पहिल्यांदाच सुरुवात करणाऱ्यांसाठी

माझ्या लहानपणी वडगावातल्या आमच्या घरात हातमाग होता. दिवसाचं काम आटोपून उठताना बाबा एक गोष्ट न चुकता करायचे, ताणा सैल सोडायचे. ताणा म्हणजे मागावरचे उभे दोरे. दिवसा तो घट्टच लागतो. सैल ताण्यावर धोटा नीट धावत नाही आणि कापडाला झोळ येतो. खरं तसाच रात्रभर आवळून ठेवला की सकाळी दोरे तुटायला लागतात आणि सांधत बसण्यात वेळ जातो. (आमच्या बेळगावी बोलीत ‘खरं’ म्हणजे ‘पण’. पुण्याचे पाहुणे दरवेळी गोंधळतात, म्हणून आधीच सांगून ठेवतो.)

मी मागावर बसलो नाही. उद्यमबागेत एका फौंड्रीत हिशेब लिहितो. चार वर्षांपूर्वी मार्चअखेरचं काम, मुलीची सीईटी, आईचे गुडघे आणि घरच्या जमिनीच्या उताऱ्यात निघालेली नावाची चूक, हे सगळं हातात हात घालून आलं. रात्री तीनला जाग यायची, सकाळी मान आखडलेली असायची, घरात कुणी साधं ‘जेवला काय?’ विचारलं तरी अंगावर जायचो. दवाखान्यात रक्तदाब 150/100 निघाला. गोळी सुरू झाली आणि ती आजही चालू आहे. सवयी लावल्या की गोळी सुटते असलं काही मी सांगणार नाही. ताण कायमचा घालवायच्या मागे लागलो होतो तोवर काही हाती आलं नाही. बाबांसारखा रोज थोडा सैल करायला लागलो, तेव्हा झोप परत आली. ते कसं केलं ते क्रमानं लिहितो. सगळं एकदम सुरू करू नका. एक पायरी अंगवळणी पडली की पुढची.

आधी तीन दिवस नुसतं बघा

एक साधी वही घ्या. ताण जाणवला की तीन गोष्टी लिहायच्या: वेळ, काय घडलं, शरीरात कुठं कळलं. ‘11.20, बँकेचा फोन, जबडा आवळला.’ ‘सायंकाळी 6.40, घरी येताना ट्रॅफिक, खांदे कानापर्यंत.’ एवढंच. उपाय लिहायचा नाही, कुणाला दोष द्यायचा नाही.

माझी पक्की समजूत होती की सगळा ताण साहेबांमुळे आहे. तीन दिवसांत अकरा नोंदी झाल्या. त्यातल्या सहा सायंकाळी सहा ते साडेसात या वेळातल्या निघाल्या, म्हणजे दुपारी एकच्या डब्यानंतर पोटात चहाशिवाय काही नसतानाच्या. साहेब दोनच ठिकाणी होते. तुमच्या वहीत वेगळं काही निघेल, खरं काहीतरी ठरावीक निघतंच.

शरीरात तेव्हा काय चालतं ते थोडक्यात. धोका आहे असं मेंदूला वाटलं की मूत्रपिंडाच्या वर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी अ‍ॅड्रिनालिन आणि कॉर्टिसॉल रक्तात सोडतात. ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, रक्तात साखर येते, स्नायू आवळतात. खानापूरच्या रानात अस्वल समोर आलं तर ही सोय जीव वाचवते. बँकेचा फोन आल्यावरही शरीर तीच तयारी करतं, आणि आपण खुर्चीतच बसून राहतो. पळायची तयारी झाली, पळणं झालंच नाही. पुढच्या बहुतेक पायऱ्या ही तयारी उतरवण्यासाठी आहेत.

पहिली पायरी: रेल्वे गेटवरचा श्वास

टिळकवाडीतून रोज येणाऱ्या-जाणाऱ्याला रेल्वे गेटचं दुःख सांगायला नको. गेट पडतं, दोन्ही बाजूंनी गाड्या तोंडाला तोंड लावून उभ्या राहतात, आणि गाडी दिसायच्या आत मागचा हॉर्न वाजवायला लागतो. मी माझी पहिली सवय तिथं टांगली. गेट पडलं की स्कूटर बंद, दोन्ही पाय जमिनीवर, आणि श्वास.

नाकानं चार मोजत आत घ्यायचा, सहा मोजत बाहेर सोडायचा. एक श्वास साधारण दहा सेकंदांचा, म्हणजे मिनिटाला सहा. पाच मिनिटं गेट पडून राहिलं तर तीस श्वास होतात आणि फुकट होतात. यातला महत्त्वाचा भाग सोडण्याचा आहे. श्वास सोडताना हृदयाचा वेग आपोआप थोडा मंदावतो. मेंदूकडून छाती-पोटाकडे जाणारी व्हेगस नावाची नस ते काम करते. म्हणून सोडणं लांबवलं की शरीराला ‘धोका टळला’ असा निरोप पोचतो.

नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे ‘दीर्घ श्वास’ म्हटलं की छाती फुगवून जोरात आत ओढायचा. तसं पाच-सहा वेळा केलं की चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. तसं झालं तर मोजणं सोडा आणि नेहमीसारखा श्वास घ्या. पोटावर हात ठेवा. हात हलला पाहिजे, खांदे नाहीत. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल, दिवस गेलेले असतील, तर श्वास रोखून धरण्याचे प्रकार स्वतःच्या मनानं करू नका. हळू सोडणं पुरेसं आहे.

माझ्या शेजारच्या टेबलावर बैलहोंगलचे एक गृहस्थ बसतात. काहीही बिघडलं की ते एक सुस्कारा टाकून म्हणतात, ‘होगली बिड्री’. जाऊ द्या हो. पहिली काही वर्षं मला त्या वाक्याचा राग यायचा. आता सहा मोजायच्या ऐवजी मनात तेच म्हणतो. ‘होगलीऽऽ’ला निम्मा श्वास, ‘बिड्रीऽऽ’ला उरलेला. माप बरोबर बसतं.

गेट तुमच्या वाटेत नसेल तर दुसरी खुंटी शोधा. दूध उतू जायची वाट बघताना, कॉम्प्युटर सुरू होताना, स्टँडवर बस लागेपर्यंत. नवी सवय जुन्या कामाला बांधायची, म्हणजे वेगळी आठवण ठेवावी लागत नाही. दोन आठवडे एवढंच करा.

दुसरी पायरी: चालणं

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. आकडा ऐकून घाबरू नका. रोज तीस मिनिटं, आठवड्यातले पाच दिवस, एवढाच तो होतो. आणि सुरुवात तीसनं करायचीच नाही. रात्रीच्या जेवणानंतर दहा मिनिटं, गल्लीच्या टोकापर्यंत आणि परत. दहा दिवस झाले की पंधरा. वेग कसा ओळखायचा? चालताना बोलता यावं, गाता येऊ नये. आरामात गाता येत असेल तर पाय उचला. दोन शब्द बोलताना धाप लागत असेल तर कमी करा.

बेळगावात राहणाऱ्यांना जागेची तक्रार करायला तोंड नाही. टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोची झाडी आहे, किल्ल्याजवळ तलाव आहे, कॅम्पातले सावलीचे रस्ते आहेत. रविवारी येळ्ळूरचा राजहंसगड चढून यायचा, वर वारा असा असतो की डोक्यातलं सगळं उडून जातं. सकाळी गेलात तर आणखी एक फायदा: सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की शरीराचं घड्याळ जागेवर येतं आणि रात्री झोप वेळेवर लागते.

अडचण पावसाची. जूनमध्ये एकदा धरला की इकडे, आणि खानापूर-जांबोटीकडे तर विचारूच नका, आठ-आठ दिवस उघडत नाही. चालायची सवय बहुतेकांची इथंच मोडते, माझीही पहिल्या वर्षी मोडली. आता पावसाळ्यात सोप्यात फेऱ्या मारतो. भिंतीपासून भिंतीपर्यंत चौदा पावलं. पहिले दोन दिवस घरच्यांनी हसून घेतलं, तिसऱ्या दिवसापासून आईही काठी टेकत दोन फेऱ्या मारायला लागली.

दुसरी अडचण बायकांची, आणि ती लेखांतून कुणी मांडत नाही. खेड्यात बाई उगीच चालताना दिसली की ‘काय गं, काम नाही काय?’ हे ठरलेलं. माझ्या बहिणीनं त्याला तोड काढली. कंग्राळीत ती आणि शेजारच्या दोघी सकाळी डेअरीला दूध घालायला एकत्र जातात, आणि परत येताना जवळची वाट सोडून देवळाला वळसा घालतात. पंचवीस मिनिटं होतात, हातात किटली असल्यामुळे कुणी विचारत नाही, आणि सासूबद्दल बोलायचं ते बोलून होतं.

ज्यांचा दिवसच शेतात, वीटभट्टीवर किंवा हमालीत जातो त्यांना ‘चाला’ म्हणणं थट्टा आहे. त्यांनी उलट करावं. सायंकाळी हातपाय धुतले की चटईवर उताणं पडायचं, पिंढऱ्या खुर्चीवर किंवा बाजल्याच्या कडेवर ठेवायच्या आणि दहा मिनिटं तसंच राहायचं. मग पायाच्या बोटांपासून सुरू करून एकेक अवयव पाच सेकंद आवळायचा आणि सोडायचा: पंजे, पिंढऱ्या, मांड्या, पोट, मुठी, खांदे, जबडा. एडमंड जेकबसन नावाच्या अमेरिकी डॉक्टरनं शंभर वर्षांपूर्वी ही पद्धत बसवली. आवळल्याशिवाय सोडणं कळत नाही, हे त्याचं म्हणणं. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांच्या मानेलाही ती चालते.

तिसरी पायरी: चहा आणि झोप

चहा सोडा असं मी बेळगावकराला सांगणार नाही. वेळ मात्र बदला. चहातलं कॅफिन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात, माणसागणिक कमी-जास्त. सायंकाळी सहाला घेतलेल्या कपातलं निम्मं रात्री अकराला रक्तात शिल्लक असतं. शेवटचा चहा चारला ठेवा. त्यानंतर कुणाच्या घरी गेलात आणि ‘नको’ म्हणता येत नसेल तर अर्धा घ्या, किंवा ताक मागा. ताक मागितलेलं कुणाला अपमानाचं वाटत नाही.

झोपायची वेळ ठरवण्यापेक्षा उठायची ठरवा. झोप आपण आणू शकत नाही, गजर लावू शकतो. रविवारीही त्याच वेळेला उठायचं. हे जड जातं, खरं महिन्याभरात रात्रीची झोप तिच्या मागोमाग सरळ होते. मोठ्या माणसाला किमान सात तास लागतात. अंथरुणात वीस-पंचवीस मिनिटं लोळूनही डोळा लागला नाही तर उठा, मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं करा, पेंग आली की परत या. मी जुनी बिलं तारखेप्रमाणे लावतो. मार्चच्या गठ्ठ्यापर्यंत जागा राहिल्याचं आठवत नाही.

तीन पाळ्यांत काम करणाऱ्यांना हे जसंच्या तसं लागू होत नाही. रात्रपाळी करून आल्यावर खोली गच्च अंधारी करा, घरच्यांना दुपारचा कुकर जरा लांब लावायला सांगा, आणि पाळीच्या शेवटच्या चार-पाच तासांत चहा टाळा.

मोबाईल उशाशी नको, चार्जिंग स्वयंपाकघरात. आपल्या भागात याला एक जादा कारण आहे. नोव्हेंबर आला की सीमाप्रश्नाच्या बातम्या आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे तेच-तेच व्हिडिओ सुरू होतात. प्रश्न जिव्हाळ्याचा आहे, माझ्या आजोबांनी त्यासाठी मोर्चे काढले. महाराष्ट्रानं सर्वोच्च न्यायालयात दावा 2004 साली दाखल केला. मी रात्री अकराला अंथरुणात रक्त आटवून त्याचा निकाल लवकर लागणार नाही. बातम्या सकाळी पेपरात वाचतो, एकदाच.

खाणं

यावर फार लिहीत नाही. सायंकाळी पाचला काहीतरी खा. मूठभर शेंगदाणे, फुटाणे, एक केळं. माझ्या सहा नोंदींपैकी निम्म्या एवढ्यानंच गेल्या. उन्हाळ्यात नाचणीची आंबील कुठल्याही थंड बाटलीपेक्षा बरी. कुंदा खायचा तर खा, मात्र राग आला म्हणून खाऊ नका.

चौथी पायरी: डोक्यातलं कागदावर

रोज सायंकाळी दहा मिनिटं वही उघडा. पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे ज्यात मी काही करू शकतो ते, उजवीकडे ज्यात काहीच करू शकत नाही ते. डाव्या बाजूच्या प्रत्येक ओळीपुढे पुढचं एकच काम आणि वार लिहायचा. उजव्या बाजूपुढे काही लिहायचं नाही. रात्री तीनला तोच विचार परत आला तर त्याला सांगता येतं, तुझं लिहून झालंय.

उताऱ्यातल्या नावाच्या चुकीचं उदाहरण देतो, कारण सीमाभागातल्या मराठी माणसाच्या ताणात ‘कागद’ फार मोठा वाटेकरी आहे. अर्ज कन्नडात, पोचपावती कन्नडात, खिडकीवरचा माणूस घाईत. एका कचेरीतून मी तीन वेळा परत आलो. पहिल्यांदा झेरॉक्स कमी होती, दुसऱ्यांदा माणूस रजेवर, तिसऱ्यांदा रकाना चुकलेला. प्रत्येक वेळी घरी येऊन भांडलो. मग वहीत डावीकडे लिहिलं: ‘अर्ज आदल्या रात्री घरीच भरणे.’ मुलगी शाळेत कन्नड शिकलेली. तिनं एकेक रकाना वाचून सांगितला, मी खाली पेन्सिलीनं मराठीत लिहिलं. झेरॉक्स तीन-तीन काढल्या. बैलहोंगलच्या त्या गृहस्थांना म्हटलं, ‘तासभर येता काय बरोबर?’ ते आले. चौथ्या खेपेला वीस मिनिटांत काम झालं.

त्यानंतर मी कन्नड अक्षरं शिकायला घेतली. क ख ग घ हा क्रम आपलाच आहे, वळण तेवढं वेगळं. महिन्याभरात बसवरच्या पाट्या आणि अर्जावरची ‘नाव’, ‘गाव’, ‘तारीख’ एवढी लेबलं वाचता यायला लागली. पहिलीतल्या पोरासारखं बोट ठेवून वाचतो, खरं खिडकीपुढं उभं राहिल्यावर पोटात गोळा येत नाही. श्वासाच्या व्यायामानं जेवढा फरक पडला तेवढाच यानं पडला, असं माझं प्रामाणिक मत आहे. यात भाषेच्या अभिमानाचा प्रश्न आहे असं मला वाटत नाही. ज्यांना वाटतं त्यांच्याशी मी वाद घालत नाही, तेवढा रक्तदाब वाचतो.

पाचवी पायरी: माणसं

आठवड्यातून एकदा तरी कामाशिवाय माणसांत बसा. आमच्या गल्लीत एकादशीला देवळात भजन असतं. मी मागच्या रांगेत टाळ धरतो. सूर बेताचाच आहे. गाताना ओळ संपेपर्यंत श्वास पुरवावा लागतो, म्हणजे पहिल्या पायरीतलं लांब सोडणं तिथं दीड तास आपोआप होतं, आणि मोजावंही लागत नाही. देवाधर्माचं नको असेल तर वाचनालय आहे, कट्टा आहे, रविवारचं क्रिकेट आहे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप यात धरू नका.

तंबाखू आणि बाटली

निपाणीच्या तंबाखूच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला तंबाखूचे तोटे नव्यानं सांगायला नकोत. एक गोष्ट मात्र बऱ्याच जणांना माहीत नसते. चिमूट दाढेखाली गेली की हायसं वाटतं ते मुख्यतः निकोटीनची तलफ शमल्यामुळे. तलफ निकोटीननंच लावलेली असते. म्हणजे आगही त्याचीच आणि बंबही त्याचाच. सोडायचं मनात असेल तर 1800-11-2356 हा सरकारचा मोफत नंबर आहे. दारूनं झोप लवकर लागते हे खरं, आणि तीच झोप मध्यरात्रीनंतर मोडते हेही तितकंच खरं. रोज पिणाऱ्यानं एकदम बंद करू नये, हात थरथरणं, भ्रम, झटके असे त्रास होऊ शकतात; डॉक्टरांना विचारून सोडा.

खाडा पडला तर

पडणारच. गणपतीत पडतो, लग्नसराईत पडतो, घरात आजारपण आलं की पडतो. ‘21 दिवसांत सवय’ हे जे सगळीकडे ऐकू येतं त्यावर जाऊ नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी 96 जणांवर केलेला अभ्यास 2010 साली छापून आला. त्यात सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले. कुणाला 18 दिवसांत जमेल तर कुणाला 254 लागतील, एवढा फरक निघाला. मधला एखादा दिवस चुकल्यानं फार बिघडलं नाही. खाडा पडला की दुसऱ्या दिवशी निम्मंच करा. वीस मिनिटं चालत होता तर दहा. भरपाई म्हणून चाळीस चालायला गेलात की तिसऱ्या दिवशी गुडघा बोलतो आणि परत खाडा.

डॉक्टरांकडे कधी

झोप, भूक किंवा कामातलं लक्ष दोन आठवड्यांहून जास्त काळ बिघडलेलं असेल, आवडीच्या गोष्टीतही मन लागत नसेल, विनाकारण रडू येत असेल, तर सवयींवर विसंबून थांबू नका. आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. धडधड, थकवा, चिडचिड हे थायरॉईडमुळेही होतं आणि रक्त कमी असल्यामुळेही, म्हणून साध्या तपासण्या करून घेतलेल्या बऱ्या. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम आला तर ‘टेन्शन असेल’ म्हणत बसू नका, 108 लावा.

मनाच्या त्रासासाठी टेलिमानस ही सरकारी सेवा ऑक्टोबर 2022 पासून आहे. नंबर 14416, चोवीस तास, मोफत. भाषा निवडता येते, मराठीही आहे. जगणं नको वाटतंय, जिवाचं काही करून घ्यावं असे विचार येत असतील तर त्याच मिनिटाला फोन करा आणि घरातल्या एका तरी माणसाला सांगून ठेवा. पुढचे उपचार लागले तर धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे. आमच्या भागातले कितीतरी लोक तिथं जातात, फक्त जाऊन आल्याचं सांगत नाहीत.

जाताना ती तीन दिवसांची वही बरोबर न्या. ‘कधीपासून होतंय?’ हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, आणि तिथं बसल्यावर तारीख कुणालाच आठवत नाही.